साबण घालून पाहिलंत का?

भाऊजींचा सत्तेचाळीस नंबर घरात सगळ्यांना ठाऊक होता. शेजारच्या काकूंनासुद्धा. ताई तर त्याच्याबद्दल असं बोलायची, की नवख्या माणसाला वाटावं, हिचा कोणी दीरच आहे आणि तो लवकरच मोठ्या हुद्द्यावर जाणार आहे. "सत्तेचाळीसचं छान चाललंय," ती फोनवर सांगायची. "आता उंदरांवर जाईल."

सत्तेचाळीस हा एक रेणू होता. औषध नव्हे, औषध होईल अशी आशा. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, एका औषध कंपनीच्या संशोधन विभागात रसायनांचे प्रमुख होते आणि त्यांचं पथक कित्येक वर्षं एका तापाच्या विषाणूच्या मागे लागलेलं होतं. एकदा जेवताना काकूंनी विचारलं, "पण ते करतं काय हो नेमकं?" भाऊजींनी लगेच ताट बाजूला सारलं आणि ताईकडून कात्री मागवली.

"हे बघा काकू. विषाणू पेशीत शिरला की आपली सगळी प्रथिनं एकाच लांबलचक पट्टीत बनवतो. कापडाचा तागा समजा. तो कापल्याशिवाय त्याला काही शिवता येत नाही. कापायला त्याच्याकडे ही कात्री असते, प्रोटीएज नावाचं एंझाइम. आजवर लोकांनी काय केलं? दोन पात्यांच्या मधे काहीतरी कोंबलं. पण विषाणू लबाड. तो पाती जराशी बदलतो, की कोंबलेलं गळून पडतं. शिवाय आपल्या अंगातही अशा कात्र्या असतात आणि पाती सगळ्यांची सारखीच, म्हणजे त्यांनाही इजा. आम्ही पात्यांना हातच लावत नाही. आम्ही इथे, मागे, खिळ्यापाशी चिमटा बसवतो. पाती तशीच धारदार, पण मिटतच नाहीत. याला म्हणतात ॲलोस्टेरिक."

"म्हणजे मागच्या दारानं."

"मागच्याच दारानं!" भाऊजी खूश झाले. "काकू, तुम्हाला आमच्याकडे घ्यायला हवं."

टेबलाच्या टोकाला बसलेली ताईची धाकटी बहीणही हसली. तिला घरात बारकी म्हणत. ती पस्तिशीला आली होती, ताईपेक्षा वीतभर उंच होती, तरी बारकीच. आई गेली तेव्हा ती शाळेत होती. ताईनंच तिला वाढवलं, तिच्या वेण्या घातल्या, तिच्या परीक्षांना रजा काढून घरी बसली. ताई फिजिओथेरपिस्ट होती. दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे आणि गुडघे हलवायची, आणि घरी आली की बारकीला. आधीची प्रयोगशाळा बंद पडून बारकी घरी बसली, तेव्हा भाऊजींनीच आपल्या कंपनीच्या डायरेक्टरबाईंकडे शब्द टाकला. भाऊजींच्या पथकानं रेणू बनवायचे आणि ते कात्री थांबवतात की नाही हे बारकीनं मोजायचं, असं ते काम होतं.

तिला ते काम मनापासून आवडायचं. प्लास्टिकच्या प्लेटमधल्या इवल्या खळग्यांत एंझाइम टाकायचं, मग रेणू, मग असं एक खाद्य, जे कापलं गेलं की चकाकतं. खळगा चकाकला, तर कात्री चालू. अंधारा राहिला, तर बंद. सत्तेचाळीसचे खळगे कोळशासारखे काळे राहायचे.

त्या वर्षी एका मोठ्या परदेशी कंपनीला हा प्रकल्प विकत घ्यायचा होता. त्यांची माणसं भेटीला आली. भाऊजींनी पडद्यावर चित्रं दाखवली: संगणकानं काढलेली कात्री, तिच्या पाठीवरचा खोलगट खिसा आणि खिशात ऐटीत बसलेला सत्तेचाळीस. पाहुण्यांतल्या एका वयस्कर शास्त्रज्ञानं विचारलं, "प्रत्यक्ष स्फटिकात हा रेणू तिथे दिसला का?"

एंझाइमचे स्फटिक बनवून त्यांत रेणू नेमका कुठे बसलाय ते बघणाऱ्याला सगळे खडेमास्तर म्हणत. तो चुळबुळला. "स्फटिक येतात, पण खिसा रिकामाच दिसतो. प्रयत्न चालू आहेत."

"आणि मोजणी करताना थोडा साबण घालून पाहिलंत का?"

खोलीत कोणाला त्यात विशेष वाटलं नाही. असे प्रश्न रिवाजाप्रमाणे विचारलेच जातात.

"हो, हो," भाऊजी म्हणाले. "अगदी सुरुवातीलाच."

डायरेक्टरबाई बारकीकडे वळल्या. "तेवढे आकडे काढून द्या यांना."

बारकीनं जुने सगळे आकडे धुंडाळले. साबणाचे आकडे कुठेच नव्हते. तिला काही संशय आला नाही. तिच्याआधी त्या जागेवर असलेल्या बाई नोकरी सोडून गेल्या होत्या, त्यांनी कुठेतरी ठेवले असतील. शोधण्यापेक्षा करणं सोपं, म्हणून तिनं स्वतःच प्लेट लावली. अर्ध्या खळग्यांत नेहमीचं मिश्रण, अर्ध्यांत त्याच मिश्रणात प्रयोगशाळेतल्या साबणाचा किंचितसा अंश. एंझाइमला त्यानं काही होत नाही.

मशीनमधून आकडे आले तेव्हा तिला वाटलं, आपण सत्तेचाळीस टाकायचंच विसरलो. साबणाचे सगळे खळगे लखलखत होते.

तिनं परत केलं. मग नवी बाटली फोडून परत केलं. मग रेणूचं द्रावण एका उपकरणात धरून त्यातून प्रकाश सोडला. सत्तेचाळीस पाण्यात नीट विरघळतच नव्हता. डोळ्यांना न दिसणारे त्याचे गोळे होत होते आणि एंझाइम त्या गोळ्यांना चिखलात माशी रुतावी तसं चिकटून बसत होतं. म्हणून ते कापत नव्हतं. मागचा खिसा नाही, खिळा नाही, चिमटा नाही. साबणानं गोळे फुटले, की कात्री पुन्हा मोकळी. शेवटची खात्री म्हणून तिनं विषाणूशी काडीचा संबंध नसलेलं, पचनाचं एक साधं एंझाइम घेतलं. सत्तेचाळीसनं तेही बंद पाडलं.

डायरेक्टरबाईंकडे जायच्या आधी ती भाऊजींकडे गेली. घरच्या माणसाला आधी कळावं, एवढंच तिच्या मनात होतं.

भाऊजी फ्यूम हूडसमोर, वाफा ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटासमोर, उभे होते. काचेमागे फ्लास्क फिरत होता. तिनं आकडे दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ते नीट पाहिले.

"साबण त्या खिशात जाऊन बसत असेल," ते म्हणाले. "आपल्या रेणूला बाहेर ढकलत असेल. होतं असं."

"मलाही तसंच वाटलं. म्हणून तुमचा तो जुना रेणू, नऊ नंबर, लावून पाहिला. तो दुबळा आहे, पण साबणातही तेवढंच काम करतो. साबण खिशात बसत असता, तर तोही बाहेर पडला असता ना?"

"प्लेट बदलून पाहिलीस?"

"पाहिली. आणि भाऊजी, पचनाचं एंझाइमही बंद पडतं."

हूडची काच त्यांनी हळूच खाली ओढली. मग स्टुलावर बसले. तिनं त्यांना काम चालू असताना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"तुझ्याआधीच्या बाईंनी घालून पाहिला होता साबण," ते म्हणाले. "आकडे कोसळले. मी म्हटलं, फेस येतोय, बुडबुड्यांमुळे मशीन चुकतंय. साबण काढून टाका. त्या 'बरं' म्हणाल्या."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"फेस येत होता, बारके. खरंच येत होता." ते तिच्याकडे न बघता बोलत होते. "मग पुढे उंदीर आले, चित्रं आली, मला परिषदेला बोलावलं. परत कशाला कोण बघतंय?"

ती उठली तेव्हा ते म्हणाले, "सह्या होईपर्यंत थांब. फक्त तेवढं. एकदा त्यांचे लोक आले की दुसरे रेणू घेता येतील. त्या नऊ नंबरवरही काम करता येईल. आत्ता बोललीस तर सगळंच जाईल, नऊसुद्धा."

ती 'बघते' म्हणाली. खरं तर तिला काहीच सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताई तिच्या घरी आली. दवाखान्याचा पांढरा कोट अजून अंगावर होता. आल्याआल्या तिनं बारकीच्या स्वयंपाकघरातला ओटा पुसायला घेतला. तिला राग आला, की ती पुसायची.

"ते जेवले नाहीत काल. आजही नाही."

"ताई, माझं ऐकशील?"

"तुझ्या त्या खळग्यांतलं मला काही कळत नाही. त्यांनी सांगितलं तेवढं कळलं. खोटं औषध कोणाच्या पोटात गेलंय का? नाही ना? कोणी मेलंय?"

"त्यांना कळणारच आहे गं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का? तिथला कोणीही पोरगा चार दिवसांत शोधून काढेल."

"मग काढू दे!" ताईनं फडकं आपटलं. "काढू दे ना त्या पोराला. तूच का? जगात दुसरं माणूस नाही? त्यांनी तुला तिथे नेलं, बारके. तू वर्षभर घरात बसून भिंतीकडे बघत होतीस, तेव्हा ते गेले होते त्या बाईसमोर हात जोडायला. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलंय?"

पाहुण्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता आणि त्याचे आकडे द्यायचं काम तिचं होतं. आता एकतर आकडे द्यायचे, नाहीतर आपल्या हातानं खोटे तयार करायचे. तिनं तसं सांगितलं. ताई दाराकडे जाता जाता म्हणाली, "तुझं शिक्षण फारच झालं."

आणखी दोन दिवस बारकीनं काढले. मग ती डायरेक्टरबाईंच्या खोलीत गेली.

डायरेक्टरबाई शांत, मोजकं बोलणाऱ्या होत्या. त्यांनी दार लावून घेतलं, तिला पाणी दिलं, सगळं ऐकलं. मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "हे सांगायला धैर्य लागतं. विशेषतः तुमचं नातं बघता. अजून कोणाला माहीत आहे?"

"भाऊजींना. मी आधी त्यांना सांगितलं."

"अच्छा." बाईंनी पेनाला टोपण लावलं. "हे लिहून वगैरे पाठवू नका. तोंडी सांगितलंत, पुरे आहे. त्यांच्याशी मी बोलते. तुम्ही निश्चिंत राहा."

आणि बारकी खरोखर निश्चिंत राहिली. आपल्या मनाचं ओझं दुसऱ्याच्या टेबलावर ठेवून मोकळं झाल्यासारखं तिला वाटलं. साबणाचे आकडे तिच्याकडे परत कोणी मागितले नाहीत आणि थोड्याच दिवसांनी सह्या झाल्या. भाऊजींच्या गळ्यात हार पडला, फोटो निघाले. ती धरून चालली, की बाईंनी परदेशी लोकांना सांगितलं असेल आणि त्यांनी बाकीच्या रेणूंसाठी म्हणून प्रकल्प घेतला असेल. कोणाला विचारायला ती गेली नाही. ताई पुन्हा बोलायला लागली होती. भाऊजी जेवत होते. एकदा तर त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटून म्हटलं, "थांबलीस ते बरं केलंस." तिनं त्यांना सांगायला हवं होतं, की ती थांबली नव्हती. पण त्या क्षणी तिच्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि नंतर रोज तो आणखी जड होत गेला.

परदेशातला तो पोरगा म्हणजे पोरगी निघाली. नुकतीच कामाला लागलेली. तिनं पहिल्याच आठवड्यात साबण घातला.

चौकशीला तीन माणसं आली. बारकीला मीटिंगच्या खोलीत बोलावलं. समोर ते तिघे, कडेला डायरेक्टरबाई. साबणाच्या आकड्यांची तारीख मशीनमध्येच होती, ती लपण्यासारखी नव्हती.

"हे तुम्हाला सह्यांच्या आधी माहीत होतं?"

"हो."

"रसायनांच्या प्रमुखांना?"

तिनं बाईंकडे पाहिलं. बाई आपल्या पेनाकडे पाहत होत्या.

"मी त्यांना सांगितलं होतं," बारकी म्हणाली. "पण मी डायरेक्टरबाईंनाही सांगितलं होतं. सह्यांच्या आधी. या इथेच, पलीकडच्या खोलीत."

"मला त्यांनी एवढंच सांगितलं, की साबणानं मोजणीत अडचण येते," बाई अगदी सौम्यपणे म्हणाल्या. "रेणूच खोटा आहे असं कोणी म्हणालं असतं, तर मी सह्या होऊ दिल्या असत्या का? त्या अवघडलेल्या होत्या, घरचा माणूस होता. मी त्यांना दोष देत नाही."

"मी सगळं सांगितलं होतं!"

"काही लेखी?" तिघांतल्या एकानं विचारलं.

बारकीच्या लक्षात आलं, की तिला दिलेला तो पाण्याचा ग्लास, ते लावून घेतलेलं दार, ते 'तोंडी पुरे आहे' हे सगळं याच क्षणासाठी होतं. बाईंनी त्या दिवशीच पूल बांधून ठेवला होता आणि आता त्या त्यावरून कोरड्या पायांनी पलीकडे चालल्या होत्या.

भाऊजींना त्याच महिन्यात काढलं. मीटिंगमध्ये पाहुण्यांसमोर 'सुरुवातीलाच पाहिलं' म्हणाल्याचं सगळ्यांनी ऐकलं होतं, खडेमास्तरानंही तशी साक्ष दिली. भाऊजींनी आपल्या बाजूनं काही सांगितलं नाही. बाईंना माहीत होतं, हे त्यांना माहीतच नव्हतं. ते त्यांना त्या चौकशीतच कळलं, आणि त्याबरोबर हेही, की बारकी थांबली नव्हती.

बाई जिथल्या तिथे राहिल्या. उलट एका सभेत त्या सचोटीवर बोलल्या आणि बारकीचं उदाहरण दिलं. पुढच्या आठवड्यात तिला बोलावून त्यांनी प्रकल्पाची जबाबदारी देऊ केली. नऊ नंबरवर लहानसं पथक चालवायचं.

तिनं रात्रभर वगैरे विचार केला नाही. तिथल्या तिथे 'हो' म्हणाली. नाही म्हटलं असतं, तर नऊ गेला असता, आणि नऊ खरा होता. नव्या स्फटिकात तो दिसलाही. कात्रीच्या पाठीवर, खिळ्याजवळ, भाऊजींनी सांगितलं होतं अगदी तिथेच. त्यांची कल्पना बरोबर होती. फक्त त्या कल्पनेत बसणारा रेणू दुबळा, दिसायला साधा, म्हणून त्यांनी तो केव्हाच बाजूला टाकला होता आणि रुबाबदार सत्तेचाळीसला कडेवर घेतलं होतं.

स्फटिकाचं चित्र घेऊन ती ताईकडे गेली. वाटलं, निदान हे तरी त्यांना द्यावं. दार ताईनं उघडलं आणि ती तशीच उंबऱ्यात उभी राहिली.

"नऊ नंबर खिशात बसलेला दिसला, ताई. भाऊजींचं म्हणणं खरं होतं. हे त्यांना दाखवायचंय."

"कोणाच्या खोलीत बसतेस तू आता?" ताईनं विचारलं.

"कुठल्या खोलीत?"

"ऑफिसात. कोणाच्या खोलीत?"

खोली भाऊजींचीच होती. दुसरी रिकामी नव्हती.

"खुर्चीसुद्धा घेतलीस." ताईचा आवाज चढला नाही. "सांगायचंच होतं, तर तोंडावर सांगून जायचंस, की मी निघाले सांगायला. त्यांनी तयारी केली असती, आपणहून राजीनामा दिला असता. तू त्यांच्या पंगतीला बसून हसलीस, आणि मग."

आतून भाऊजी आले. दाढी वाढलेली. ताईच्या खांद्यावरून त्यांनी ते चित्र पाहिलं, हात पुढे केला नाही. पण त्यांची नजर चित्रावरून हटेना. त्यांचे ओठ जरा हलले, जणू शेपटीला काय जोडलं तर हा रेणू घट्ट बसेल ते त्यांना दिसतच होतं.

"तिथे जागा आहे," ते म्हणाले, "डावीकडे." मग भानावर आल्यासारखे आत गेले, आणि ताईनं दार लावलं.

बारकीनं डावीकडे बरंच काही जोडून पाहिलं. काही जमलं, बरंचसं नाही. भाऊजी असते तर कदाचित लवकर जमलं असतं. पुढे परदेशी कंपनीनं धोरण बदललं आणि त्या तापातून अंग काढून घेतलं. नऊ नंबर एका गोठवणाऱ्या कपाटात गेला. बारकीला दुसरा प्रकल्प मिळाला, तो तिनं नीट केला. भाऊजी शिकवणीचे वर्ग घेऊ लागले. असं तिला शेजारच्या काकूंकडून कळायचं, आणि एक दिवस काकूंनीही फोन उचलणं सोडलं.

मग मावशी जिन्यावरून पडली आणि तिचा खुबा मोडला. मावशीला मूलबाळ नव्हतं, होत्या त्या या दोघी भाच्या. बारकी इस्पितळात पोचली, तेव्हा ताई आधीच तिथे होती. मावशीचा पाय कसा ठेवायचा, ते नर्सला दाखवत होती. केस बरेच पिकले होते. बारकी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली. मावशी औषधाच्या गुंगीत होती.

नर्सनं विचारलं, "रात्री जवळ कोण थांबणार?"

"मी थांबते," दोघी एकदमच म्हणाल्या.

ताईनं पहिल्यांदाच तिच्याकडे वर पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. बारकीला वाटलं, आता काहीतरी बोलेल. शिव्या दिल्या तरी चालतील.

"तुम्ही कशाला त्रास घेता?" ताई म्हणाली. "तुम्हाला सकाळी ऑफिस असेल. मी आहे."

नर्स ताईकडे वळली. "या तुमच्या कोण?"

"नात्यातल्या आहेत," ताई म्हणाली आणि मावशीच्या गुडघ्याखालची उशी सारखी करू लागली.

बारकी खुर्चीवरची आपली पर्स उचलून बाहेर आली. लिफ्ट बंद होती. जिन्यावर कोणीतरी नुकतीच फरशी पुसून ठेवली होती, तिथून ती कठड्याला धरून सावकाश उतरली.